जुना माणूस

देवानंदची उभी हयात जालन्यातल्या एकाच सळईच्या कारखान्यात, भट्टीपुढं गेली. आज पोरगा सुमितही तिथंच कामाला लागणार होता. "जुन्या माणसाचा पोरगा हायस. टिकून राह्य, तुझा पगार वाढत जाईल," डबा देताना आई म्हणाली. पप्पा पुढं निघून गेल्ते.

"नवे कामगार इकडं! सुरवातीचा पगार, सगळ्यायला सारखा," गेटवर ठेकेदाराचा माणूस ओरडला. सुमित रांगेत उभा राहिला. पुढच्या माणसाच्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते. ते त्यानं लगेच ओळखले.

"पप्पा, तुमी या लाईनीत कामून?"



"ठेकेदार दरसाली बदलतो, बाळा. नव्याच्या हिशोबानं मीबी आजच कामाला लागलो."