परतीचं तिकीट

कापसाची आवकच आटली, तशी दिग्रसची जिनिंग मिल बंद पडली आणि तिथला फिटर जमीर घरी बसला. तरी लग्नात कबूल केल्याप्रमाणे तो अलफियाला नागपूरच्या वॉटर पार्कात घेऊन गेला. खर्च वाचवायचा म्हणून दोघं एसटीनं गेले आणि घरच्या पोळ्या गेटाबाहेरच खाऊन आत शिरले. अलफिया पाण्यात लहान पोरीसारखी खिदळली. जमीर मात्र मध्येच बराच वेळ दिसेनासा झाला.

संध्याकाळी बसमध्ये तिला खिडकीशी बसवून त्यानं कंडक्टरकडून दिग्रसचं एकच तिकीट घेतलं. ती हसली. "आता तिकिटातही बचत करून राह्यले का जी?"

 

"मले पार्कातल्या मशिनीवर काम भेटलं," तो खाली उतरत म्हणाला. "अम्मीले तूच सांगजो."