जखमीचं काम

नागोराव ट्रॅक्टरखाली सापडून जखमी झाला. ते विसरा, तसं काही झालंच नाही. मॉक ड्रिलच्या कागदावर फक्त तसं लिहिलेलं होतं.

बोईसरच्या त्या कारखान्यात ट्रेलरवर ट्रॅक्टर चढवताना अपघात झाला तर काय करायचं, याची ती तालीम. सेफ्टी ऑफिसर अपेक्षाची पहिलीच. फसली तर उद्यापासून येऊ नका, असं तिला आधीच सांगून ठेवलेलं.

ट्रेलरच्या चाकांना तिनं स्वतः ठोकळे लावले. साखळ्या ओढून पाहिल्या.

"चिराग, रिव्हर्समध्येच चढव. आणि अकराच्या भोंग्याआधी हलवू नको," तिनं ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला सांगितलं.

"नाय हलवत, म्याडम. तुमी घाबरून मलापन घाबरवाल."

जखमी व्हायला ठेकेदार नागोराव नावाचा माणूस पाठवणार होता. त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. "आडवं पडायचं आणि 'खरंच लागलंय' म्हणून ओरडायचं," असं अपेक्षानं त्याला फोनवर बजावलं होतं. इतरांनाही तेच: सगळ्यांनी 'खरंच' म्हणायचं.

अकराला पाच कमी असताना ट्रेलरच्या रॅम्पवर उभा केलेला ट्रॅक्टर घरंगळला. रॅम्प धाडकन आदळला. धूळ बसली तेव्हा त्याखाली हेल्मेट घातलेला एक माणूस होता.

"पाय काढा माजा! खराच अडकलाय!"

अपेक्षाच्या अंगावर काटा आला. पाच मिनिटं लवकर, पण काय किंकाळी!

चिराग पांढराफटक होऊन धावत आला. "म्याडम, क्लच सटकला! खरंच! जॅक आना!"

"हळू बोल, साहेब बघतायत," ती कुजबुजली. "ॲम्ब्युलन्स येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. नियम आहे."

तपासणीला आलेल्या साहेबांनी घड्याळ लावलं. चिराग ढसाढसा रडायला लागला. "क्या ॲक्टिंग है, भाई!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि टाळ्या पडल्या.

अकराव्या मिनिटाला ॲम्ब्युलन्स आली. तोवर जखमी अगदी शांत झाला होता. साहेबांनी वहीत लिहिलं, 'जखमीचा संयम वाखाणण्याजोगा.' शंभरपैकी अठ्ठ्याण्णव.

अपेक्षानं दिवसातला पहिला नीट श्वास घेतला. चहा मागवला. चहासोबत वॉचमननं गेटवरून आलेला एक अर्ज आणला.

'मा. सेफ्टी ऑफिसर यांस, केळव्याची एसटी चुकल्याने मी आत्ताच गेटवर पोहोचलो आहे. रक्तासाठी लाल रंगाची बाटली सोबत आणली आहे. तरी मॉक ड्रिल पुन्हा पहिल्यापासून घेण्यात यावे, ही नम्र विनंती. आपला विश्वासू, नागोराव.'