लाज

"अक्का, दार लाव! ती माणसं आत येतायत," मामंजी हेमांगीचा हात घट्ट धरून ओरडले. दारात कोणीच नव्हतं. अक्का, त्यांची थोरली बहीण, वारून कित्येक वर्षं झाली होती.

कालपर्यंत शब्दकोडं सोडवणारा माणूस आज सुनेला ओळखत नव्हता. ओठ सुकलेले, जीभ कोरडी ठाक. नवरा परगावी होता. मेंदूत रक्तस्राव तर नसेल, या भीतीने तिने रिक्षा बोलावली. दवाखान्यापर्यंत ती मामंजींना कवटाळून बसली.

"मेंदू ठीक आहे," तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शरीरातलं पाणी फार कमी झालंय. उतारवयात त्यानेही भ्रम होतो. सलाईन लावूया."

संध्याकाळी मामंजींनी विचारलं, "हेमांगी, जेवलीस का गं?" तिला रडूच फुटलं.

"पाणी का नव्हता पीत तुम्ही?"

त्यांनी नजर छताकडे वळवली. "पाय मोडल्यापासून संडासला तूच धरून नेतेस. सुनेला किती वेळा उठवायचं? लाज वाटते गं, पोरी."

हेमांगीने पेला भरून त्यांच्या ओठांशी धरला. "प्या," ती म्हणाली. "आणि हाक मारा."