सासूबाईंचा पाय

कुणालाच 'नाही' म्हणता येत नाही, ही तक्रार घेऊन ती समुपदेशक बाईंकडे पाचव्यांदा आली होती. बाईंची ती आजची आठवी पेशंट. त्यांनी जांभई गिळली.

"काय म्हणतोय सासूबाईंचा पाय?"

"बराय आता."

"आणि टोमणे?"

"चालूच आहेत."

पाऊण तास सासूबाईंवरच गेला. निघताना ती दाराशी घुटमळली. "मॅडम, रागावू नका हं. माझं लग्नच झालेलं नाही. मागच्या दोन्ही वेळेलाही तुम्ही सासूबाईंचंच विचारलंत. इतक्या दमलेल्या दिसता, तोंडावर कसं सांगायचं?"

ती गेल्यावर बाईंनी तिची फाइल उघडली. मागच्या दोन्ही भेटींपुढे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'छान सुधारणा. आता स्पष्ट बोलते.'