आधी साबण, मग पोहे

पाहुण्या आलेल्या अक्का थेट मागच्या पडवीत शिरल्या आणि यशोदा लगबगीने त्यांच्यामागे धावली. खुराड्याशेजारी अंड्यांची टोपली तशीच राहिली होती.

"सोयरिकीचा बोलूक दोडामार्गची माणसां येतली," एवढंच तिचा मुलगा विश्वेश सकाळी म्हणाला होता. मसुऱ्यात भल्याभल्या पोरांची लग्नं अडलेली. त्यात आपल्या मुलासाठी कोणी चालत येतंय म्हटल्यावर यशोदेचे पाय जमिनीवर नव्हते. नवरा गेल्यावर तिने एकटीने त्याला वाढवलं होतं. अक्कांसोबत त्यांचे भाऊ जयराम होते. मुलीचे वडील ते हेच, हे यशोदेने त्यांच्या गप्प बसण्यावरूनच ताडलं.

"ही अंडी धुवूक नाय?" अक्कांनी विचारलं.

"धुतल्यार कवचावरचो थर जाता, मगे घाण भितर शिरता. सुक्या फडक्यान पुसतंय."

तिने पुसून दाखवलं. एक तडकलेलं निघालं, ते टाकून दिलं. बाकीची निमुळतं टोक खाली करून फ्रिजच्या आतल्या कप्प्यात लावली. जुनी पुढे, ताजी मागे.

"दारात ठेवल्यार उघडझाकीत गरम होतत."

"आणि खुराड्यातला गवात?"

"ओला झाला काय बदलतंय. खुराडा सुका, तर अंडा साफ."

अक्का बघतच राहिल्या. इतकी नेटकी बाई त्यांनी पाहिली नव्हती, आणि ते कौतुक त्यांना लपवताही येईना.

जयरामांनी एक अंडं उचललं, न्याहाळलं, जागेवर ठेवलं आणि त्याच हाताने पोह्यांची बशी घेतली.

"थांबा! आधी साबणान हात धुवा, मगे पोहे."

यशोदेने जीभ चावली. मुलीच्या बापाला दम दिला! झालं, पोराचं लग्न आपणच मोडलं.

जयराम निमूटपणे उठून हात धुऊन आले. येताना हसत होते.

पोहे संपले तरी मुलीचं नाव काही निघेना. शेवटी यशोदेचे डोळे भरले.

"माझी जीभ जरा तिखट आसा. पण माझो झील विश्वेश गुणाचो. माझ्यापायी त्येका नाय म्हणा नकात."

"विश्वेशाक कोण नाय म्हणता?" अक्का म्हणाल्या. "त्येनाच तर आमका बोलावल्यान. वहिनी गेल्यापासून ह्यो माझो भाव एकटो आसा. त्येच्यासाठी आम्ही तुमकाच मागूक इलंव."