एका फाइलला दोघी

न्यायमूर्तिपदासाठी शिफारस झालेले आमचे वकीलसाहेब चौकशी समितीसमोर सत्काराला आल्यासारखे बसले होते. मागे कचेरीतल्या आम्ही बायका, त्यांच्या चारित्र्याच्या दाखल्यावर सह्या करून शोभेला मांडलेल्या. समोर तक्रार करणारी टायपिस्ट एकटी. अध्यक्षांनी दाखला नाचवला. “एवढ्या बायका साहेबांना देवमाणूस म्हणतात. तुमच्या एकटीवरच बरा अत्याचार झाला?” समितीत खसखस पिकली. “साहेबांच्या खोलीत आम्ही जोडीनंच जायचो,” ती म्हणाली. “एकीच्या हातात फाइल, दुसरीच्या हातात पाण्याचा पेला. नव्या मुलीला पहिल्याच दिवशी हे शिकवायचो. त्या दिवशी माझी सोबतीण रजेवर होती.” “वा! साक्षीदारही गैरहजर!” साहेब हसत म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले. “रजेवर मी होते. द्या तो कागद, माझी सही खोडायचीय.” साहेबांचं हसू मावळलं. “थांब,” शेजारची कारकून पेन काढत उठली, “एकटी जाऊ नकोस.”