जाहिरात चालू आहे

“जाहिरात चालू आहे,” असं म्हणून तपासनीसांनी डावा हात वर केला. बस थांबवायला करायचे, अगदी तसाच. उजव्या हातातलं बिस्कीट त्यांनी चहात बुडवलं आणि गळून पडायच्या आत तोंडात टाकलं.

बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, थांबल्या. त्यांच्या हातात इस्पितळाचा फॉर्म होता. फॉर्मचा लिफाफा टीपॉयवर, तपासनीसांच्या कपाखाली. त्यावर कपाचा ओला गोल उमटला होता.

तपासनीसांनी एकतीस वर्षं बसमध्ये चढून विनातिकीट माणसं पकडली. शाळेतली पोरं, काठी टेकत आलेले म्हातारे, एकदा तर सख्खा साडू. कोणाला सोडलं नाही. निवृत्तीनंतर जावयाने टीव्हीवर इंटरनेटच्या फुकट वाहिन्या लावून दिल्या, तेव्हा पहिले दोन दिवस त्यांना घास गोड लागला नाही. मागून कोणीतरी खांद्यावर हात ठेवील असं सारखं वाटायचं. मग त्यांनीच तोडगा काढला. मधल्या जाहिराती हे आपलं तिकीट. ते पूर्ण काढायचं. जाहिरातीत उठायचं नाही, आवाज कमी करायचा नाही, बोलायचं तर मुळीच नाही.

“त्यांनी विश्वासाने दाखवायचं आणि आपण तेवढ्यात लघवीला जाऊन यायचं? चोरी आहे ती,” ते म्हणत. आणि मालिका चालू असताना बोलायचा प्रश्नच नव्हता. तो तिकीट काढून केलेला प्रवास होता.

राहता राहिली जेवणाची वेळ. जेवताना ते टीव्ही बघत.

पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा पंचेचाळीसवरून खाली येत होता.

“मी एवढंच म्हणत होते की उद्या—”

“शूऽ.”

पडद्यावर एक बाई आरशासमोर उभी होती. तिचा हात छातीपाशी अडखळला. मग पांढऱ्या कोटातली डॉक्टरीण आली. गाठ हाताला लागली तर घाबरू नका, ती म्हणाली, पण गप्पही बसू नका. घरच्यांशी बोला. आजच बोला.

तपासनीस मान डोलावत ऐकत होते. बाई फॉर्मची घडी उलगडत होत्या, पुन्हा घालत होत्या. तीन आठवड्यांपूर्वी त्या ओल्या केसांनी न्हाणीघरातून बाहेर आल्या आणि पलंगाच्या कडेवर बसून त्यांनी मोबाईलवर दोन शब्द लिहून शोधले. तोवर या टीव्हीवर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात लागायची. त्या दुपारपासून तेल गेलं आणि ही आरशासमोरची बाई आली. लेकीचे दिवस भरत आले होते, तिला सांगायचं नव्हतं. तेव्हा घरातली ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. बाईंना आणि टीव्हीला.

आकडा शून्यावर आला. मालिका यायच्या आधी पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरत राहिलं.

“हल्ली सारखी हीच लावतात,” तपासनीस पोटावरचा बिस्किटाचा चुरा झटकत म्हणाले. “काल मी मोजली. चौदा वेळा. जावई सांगत होते, ज्याच्या घरात जे असेल तेच त्याला दाखवतात म्हणून. काहीच्या काही! आपल्या घरी कोणाला आहे गाठ?”

“मला आहे.”

“काय?”

“गाठ. मला. उद्या सकाळी नऊला काढणार आहेत. घरचं माणूस बरोबर लागतं म्हणाले. तुम्ही चला, आणि इथे सही करा.”

तपासनीसांनी चष्मा नाकावर खाली ओढून त्यांच्याकडे पाहिलं. तिकीट कालचं आहे की आजचं, हे ते असंच बघायचे.

“उद्या? अगं, मग आधी नाही का सांगायचं! मी काय कुठे गावाला गेलो होतो? इथेच तर बसलेला असतो सबंध दिवस.”

“सांगतेच आहे.”

“ही काय सांगायची पद्धत झाली? असं ऐन वेळी—” तेवढ्यात मालिकेचं संगीत सुरू झालं. त्यांचा हात आपोआप वर गेला. “थांब, लागलं. बोलू आपण. हे संपलं की बोलू.”

“कधी संपतं?”

तपासनीस खोटं कधी बोलले नव्हते. त्यांनी क्षणभर विचार केला.

“तसं संपत नाही म्हणा,” ते म्हणाले, आणि पडद्याकडे वळले.

बाईंनी कप उचलून बाजूला ठेवला. लिफाफा पदराने पुसला. मग स्टुलावर बसून फॉर्म मांडीवर घेतला. ‘रुग्णासोबत येणारी व्यक्ती’ यापुढे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. ‘रुग्णाशी नातं’ यापुढे पेन बराच वेळ थांबलं. पडद्यावर दोन भाऊ एका दुकानासाठी भांडत होते. बाईंनी लिहिलं, ‘स्वतः’. सही केली.

तेवढ्यात भांडण जागच्या जागी गोठलं आणि पडद्यावर अक्षरं आली: ‘तुम्ही अजून इथेच आहात ना?’

तपासनीस ताडकन सरळ झाले. उशीखाली हात घातला, मांडीखाली चाचपलं, बिस्किटांचा पुडा जमिनीवर पडला, तिकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. “आहे, आहे! इथेच आहे!” रिमोट सापडला. त्यांनी बटण दोनदा दाबलं, एकदा चुकलं तर म्हणून. भाऊ पुन्हा भांडायला लागले.

तपासनीस मागे टेकले. त्यांचा चेहरा हळवा झाला होता.

“बघ,” ते बाईंना म्हणाले, “दर तीन तासांनी न चुकता विचारतात. फुकट असून.”